आमची वाटचाल: दिसणारे डॉलर आणि हाती पडणारे रुपये

जुन्या बाजारातून बुधवारी-रविवारी आणलेली एचएमटीची चावीची घड्याळं, म्हणजे जनता, पायलट, कोहिनूर, उघडायची, धुवायची, तेल द्यायचं आणि टाइमग्राफरवर, म्हणजे चाल मोजणाऱ्या यंत्रावर, चढवायची. त्यांतलं ०२३१ क्रमांकाचं मशीन पूर्ण चावीवर अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स चाकाचा झोका, २५० अंशांच्या वर दाखवत असेल, तरच फोटो काढायचा. मग इंटरनेटवर सात दिवसांचा लिलाव. आमच्या पेढीची बरीच वर्षं अशीच गेली आणि त्यांबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. सांगण्यासारखं आहे ते पैशांचं.

सुरुवातीला चेक चालायचा. अमेरिकेतलं आमचं एक निवृत्त गिऱ्हाईक लिलाव जिंकलं की डॉलरचा चेक पाठवायचं, सोबत घड्याळाच्या मापाचा कागदी पट्टा कापून. चेक वटायला महिना-दीड महिना लागे, बँक कलेक्शनचे पैसे कापे, आणि तरीही आम्ही घड्याळ चेक हाती पडताच रवाना करत असू. एकही चेक परत आला नाही. पुढे लिलाव-साइटने फर्मान काढलं: कागदी पैसे बंद, फक्त ठरवून दिलेल्या पेमेंट कंपनीतूनच व्यवहार. लिलावाच्या वर्णनात ‘चेक चालेल’ एवढे दोन शब्द राहिले होते म्हणून आमचे नऊ लिलाव एका रात्रीत काढून टाकले. साइटबाहेर पैसे मागणं म्हणजे कमिशन चुकवणं, असा त्यांचा अर्थ. ऑस्ट्रेलियात ईबे या लिलाव-साइटने २००८ साली पेपाल ही पेमेंट कंपनी सक्तीची करायचं ठरवलं, तेव्हा तिथल्या स्पर्धा आयोगाने हरकत घेतली आणि बेत मागे घ्यावा लागला. आमच्या बाजूने हरकत घ्यायला कोण होतं?

गिऱ्हाइकाने मुलीच्या कार्डावरून पैसे भरायला सुरुवात केली. पट्टा मात्र पोस्टाने येत राहिला.

मग नियमांचा दुसरा पदर. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०१० च्या परिपत्रकानुसार अशा ऑनलाइन कंपन्यांमार्फत येणाऱ्या निर्यातीच्या रकमेला एका व्यवहारामागे ५०० डॉलरची मर्यादा आली. ऑक्टोबर २०११ मध्ये ती ३,००० झाली, जून २०१३ मध्ये १०,०००. चाळीस डॉलरच्या जनताला मर्यादेचं काय, असं वाटेल. पण खरी गोम दुसऱ्या कलमात होती: आलेले पैसे सात दिवसांच्या आत बँकेत उतरवायचे, परस्पर खर्चायचे नाहीत. आधी आम्ही त्याच शिलकीतून मेन स्प्रिंगा, बॅलन्स स्टाफ असे सुटे भाग मागवत असू. मग विकताना डॉलरचे रुपये करायचे, घेताना रुपयांचे डॉलर, आणि दोन्ही वेळी बँकेचा फरक आपल्याच माथी.

याहून वाईट म्हणजे खातं कायम रिकामं. आमचं दिवाळं वाजायची वेळ आली ती यामुळेच. एका पायलटबद्दल तक्रार आली, ‘वर्णनाप्रमाणे नाही’. काळी डायल मागाहून पुन्हा रंगवलेली होती. आम्ही तसं लिहिलं होतं, पण चौथ्या ओळीत. पहिल्या फोटोत ते दिसत नव्हतं. पैसे परत द्यायला खात्यात शिल्लक नाही, म्हणून खातं उणे झालं. उणे झालं म्हणून त्यावर बंधन आलं. बंधन आलं म्हणून त्या आठवड्यात विकलेल्या बाकी घड्याळांचे पैसेही १८० दिवस अडकले. माल तर पोस्टात पडून गेला होता. तक्रार एका घड्याळाची आणि अडकले एकवीस घड्याळांचे पैसे. विचारायला फोन नंबर नाही, एक चौकट आणि त्यात तेच ते उत्तर. त्याच सुमारास शेजारच्या गल्लीतला आमचा प्रतिस्पर्धी रंगवलेल्या डायली ‘मूळ, न वापरलेल्या’ म्हणून विकत होता आणि त्याचे शेरे शंभर टक्के चांगले. बाहेरचे संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. बदनामी सगळ्यांच्या वाट्याला येते, पैसे त्याच्या.

तेव्हापासून पहिला फोटो डायलचा, भिंगातून. मिनिटांच्या रेघा कडेला फाटल्या आहेत का, अक्षरं जाड झाली आहेत का, हे गिऱ्हाइकालाच दिसू द्यायचं. ‘रंगवलेली डायल’ हे शीर्षकातच लिहायचं. भाव उतरतो, तक्रार येत नाही. दुसरा फोटो मशीनचा, तिसरा मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूचा, चौथा टाइमग्राफरच्या पडद्याचा.

नवीन मुलं विचारत नाहीत, तरी सांगतो. परत द्यायची वेळ येईल म्हणून बँकेत किमान पाच घड्याळांइतकी तरी वेगळी रक्कम ठेवा आणि पेमेंट खात्याला कार्ड जोडून ठेवा. पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे आले हे बँकेला सांगणारा क्रमांक, निवडताना मालाच्या आगाऊ रकमेला पी०१०३ घ्या. पटकन दिसतो म्हणून सॉफ्टवेअरचा पी०८०२ टाकणारे पाहिलेत. मग पोस्टाचं निर्यात बिल आणि बँकेची नोंद जुळत नाही आणि ईबीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे आल्याचा बँकेचा दाखला, अडते. ट्रॅकिंग नसलेलं पाकीट पाठवू नका, कारण ‘मिळालं नाही’ या तक्रारीला पोचेशिवाय दुसरं उत्तर चालत नाही. आणि हिशेब आधी करा. जुन्या पेमेंट कंपनीच्या काळातल्या दरांनी सांगतो: घड्याळ ४० डॉलर, साइटचे दहा टक्के धरले तर ४, पेमेंटचे साडेचार टक्क्यांच्या आसपास आणि वर ३० सेंट म्हणजे दोनच्या थोडं वर, रूपांतरात आणखी सव्वा. साडेसातच्या आसपास डॉलर असे गेले. साइट कमिशन टपालखर्चावरही लावते, हे बहुतेकांना पहिल्या बिलावर कळतं.

२०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि जनताचे भाव वाढले. पेमेंट कंपनीही बदलली, आता पैसे दुसऱ्याच वाटेने येतात, कापले मात्र जातातच.

ते अमेरिकेतलं गिऱ्हाईक अजून आहे. गेल्या खेपेला कोहिनूर घेतलं. मुलीच्या कार्डाला बँकेने संशयावरून अडवलं म्हणून तीन दिवस ‘पैसे न भरणारा’ असा शिक्का बसला होता त्याच्यावर. आम्ही शिक्का काढायला अर्ज केला. पट्टा त्याआधीच येऊन पडला होता, १८ मिलिमीटरचा.