"केन घे," असं मी म्हणालो

नाशिकच्या कॉलेज रोडला माझं गेमिंग सेंटर आहे. महिन्यातून एका रविवारी 'स्ट्रीट फायटर ६' या दोघांच्या मारामारीच्या व्हिडिओ गेमची स्पर्धा घेतो, एरवी संध्याकाळी पोरांना शिकवतो. कुठल्या पोराला कुठलं कॅरेक्टर झेपेल, ते कुणापुढे कुठे उघडं पडेल, हे ओळखणं हे माझं खरं काम. त्यासाठी वही ठेवली आहे. नेटवरच्या टियर लिस्ट, म्हणजे कुठलं कॅरेक्टर किती भारी याच्या याद्या, मी मानत नाही. त्या अव्वल खेळाडूंच्या हातांवरून ठरतात. आमची पोरं त्या वाचून सारखी कॅरेक्टर बदलतात आणि एकही धड शिकत नाहीत.

त्यातला एक मुलगा अंबडला सीएनसी मशीनवर काम करतो. आठ महिने केन हे कॅरेक्टर खेळला आणि एक दिवस म्हणाला, "दादा, मी झँगीफ घेतो." झँगीफ म्हणजे गेममधला धिप्पाड पैलवान.

मी वही उघडली. जमेची बाजू मोठी आहे. बहुतेकांची हेल्थ १०,०००, याची ११,०००. त्याची खास पकड, स्क्रू पाइलड्रायव्हर, ५ फ्रेममध्ये लागते. गेम सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, दाखवतो; म्हणजे पकड सेकंदाच्या बाराव्या भागात. साधी थ्रो, म्हणजे धरून आपटणं, सोडवता येते, ही पकड सुटत नाही आणि ब्लॉकही होत नाही. लाइट बटणानं पकड लांब पोचते पण कमी लागते, हेवीनं जवळूनच बसते पण जबर लागते. आता उणी बाजू. चाल संथ, लांबून मारायला काही नाही, आणि समोरचा उडाला की पकड हवेत जाते, मग हा तसाच उघडा उभा. शिवाय पकडीसाठी स्टिक गोल फिरवावी लागते. हात मंद असला तर वरच्या दिशेला पोचताच झँगीफ नुसती उडी मारतो. वहीत झँगीफच्या पानावर, गाईल या कॅरेक्टरच्या ओळीत मी लिहिलं होतं, 'टाळावं'. गाईलवाला स्टिक खाली-मागे दाबून बसतो. चालत आलात तर सॉनिक बूम हा लांबून फेकलेला मारा, उडी मारलीत तर फ्लॅश किक ही वर जाणारी लाथ.

त्यानं ऐकलं नाही. दोन महिने झँगीफच घोटला आणि त्या रविवारी सेमीफायनलला पोचला. समोर गाईल.

तीनपैकी दोन गेम जिंकायचे. पहिला गेम तिसऱ्या राउंडपर्यंत गेला. आमचा पोरगा बूम नुसते ब्लॉक करत नव्हता, पॅरी करत होता, म्हणजे वार झेलून परतवत होता. पॅरी लागली की ड्राइव्ह गेज, म्हणजे खास चालींसाठीची ताकदीची पट्टी, भरतो. दोन बूमच्या मध्ये तो एक पाऊल पुढे सरकायचा. इतका संयम मी कुणाला शिकवू शकलेलो नाही. दोनदा धरलं. नखभर हेल्थवरून हरला.

हरणाऱ्याला कॅरेक्टर बदलता येतं. त्यानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "केन घे."

त्यानं मुकाट्यानं घेतला. पडद्यावर केन दिसताच गाईलवाला पोरगा खुर्चीत मागे टेकला, जीन्सवर तळवे पुसले, पाणी प्यायला. पहिल्या गेमभर तो खुर्चीच्या काठावर होता, कारण नसताना मागे उड्या मारत होता. हे सगळं मला तेव्हा दिसलं, पण कॅरेक्टर ठरून गेलं होतं. दुसरा गेम आमचा पोरगा एकतर्फी हरला.

माझा भागीदार म्हणतो, सल्ला बरोबरच होता, आकडे बघ. तो स्पर्धेचा तक्ता उत्तम लावतो, पण खेळणाऱ्याच्या चेहऱ्याकडे कधी बघत नाही. आकडे मलाही पाठ आहेत. केनकडे लांबून मारायला हादोकेन हा आगीचा गोळा आहे, तो चपळ आहे, कागदावर तोच बरा. पण वहीत रेंज आहे, डॅमेज आहे. एकदा धरल्यावर समोरच्याचे हात कसे वागतात, ते कुठेच नाही. रेकॉर्डिंग चार वेळा पाहिलं.

बुधवारी तो शिफ्ट संपवून आला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "दादा, तुम्ही गाईल घ्या." अकरा गेम झाले, चार त्यानं घेतले. शेवटच्या गेमला झँगीफ माझ्यापासून दोन पावलांवर आला आणि माझा अंगठा आपोआप वर गेला. उडी मारायचं माझ्या मनातही नव्हतं.