तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीचं स्कॅनर कनेक्ट काऊन होत नाही?

ऑफिसात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, एकदा तर चक्क एका तेरवीला विचारलं. "भाऊ, चेक इंजिनचा लाईट लागला म्हणून ऑनलाईन ते गाडीतला बिघाड वाचणारं छोटं स्कॅनर मागवलं, स्टेअरिंगखाली लावलं, त्याचा लाल लाईट पण लागते, पण ॲप म्हणते कनेक्ट होत नाही. ईसीएम गेला का?" मी मेकॅनिक नाही, बँकेत आहे, पण हा नाद लागलाय खरा.

गाडी सुरू होऊन राहिली ना? मग ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, जिवंत आहे, झोपा निवांत.

गोम अशी आहे की इथं कनेक्शन एक नाही, दोन आहेत. फोन ते डोंगल (म्हणजे तेच छोटं स्कॅनर) आणि डोंगल ते गाडी. आपल्या नागपुरात खापरीहून लोकमान्य नगरला जायचं तर बर्डीला मेट्रो बदलावी लागते ना, तसंच. आणि तो लाल लाईट फक्त एवढंच सांगतो की सॉकेटमध्ये करंट आहे, बाकी काहीच नाही. ॲपला डोंगलच सापडत नसेल तर गडबड फोनकडे, डोंगल सापडलं पण ईसीयू (तेच ते ईसीएम) बोलत नाही असं म्हणत असेल तर गडबड पुढे.

फोनकडच्या भानगडी सोप्या आहेत. ब्लूटूथ जोडताना फोन जो पिन मागतो, तो बहुतेक 1234 नाहीतर 0000. आयफोनवर साधं ब्लूटूथवालं डोंगल चालतच नाही, वायफायवालं नाहीतर बीएलईवालं (कमी बॅटरी खाणारं नवं ब्लूटूथ) लागतं, आणि बीएलईवालं सेटिंगमधून नाही तर ॲपमधूनच जोडायचं. वायफायवालं असेल तर मोबाईल डेटा बंद करा, कारण त्या वायफायवर नेट नाही हे पाहून फोन गुपचूप डेटावर पळतो आणि तुम्ही बसता ॲपमध्ये डोंगलचा पत्ता 192.168.0.10 पुन्हा पुन्हा टाईप करत. आणि हो, मागच्या सीटवर बसलेल्या पोराच्या फोनने आधीच डोंगल पकडून ठेवलं नाही ना, तेही पाहा, मी यात अर्धा तास घालवलाय.

पुढचं गाडीचं. चावी पूर्ण ऑनवर पाहिजे, नुसता टेप वाजतो त्या पोझिशनवर नाही. पुश बटनवाल्यांनी ब्रेक-क्लच न दाबता दोनदा बटन दाबायचं, मीटरवर सगळे लाईट लागले म्हणजे झालं. मग गाडीचं वय. आपल्याकडे ओबीडी-2, म्हणजे स्कॅनरशी बोलायची सगळ्या कंपन्यांची एकच पद्धत, नवीन गाड्यांना सक्तीचं झालं एप्रिल 2013 पासून, त्याआधीच्या गाडीत 16 पिनचं सॉकेट दिसलं तरी आत कंपनीची स्वतःचीच भाषा असू शकते. आणि स्वस्तातली डोंगलं म्हणजे एल्म 327 या कॅनडाच्या चिपच्या नकला, त्यातल्या कित्येकांवर 'व्हर्जन 1.5' लिहिलेलं असतं, जे मूळ कंपनीने कधी काढलंच नाही. काही गाड्यांशी मस्त बोलतात, काहींशी मुकी. म्हणून डोंगल फेकायच्या आधी शेजाऱ्याच्या गाडीत लावून बघा, तिथं चाललं तर ते बिचारं ठीक आहे.

आता आमच्या शेजारच्या काकांची गोष्ट. मे महिना, दुपारचे चार, स्टेअरिंगला हात लावला तर चटका बसून राहिला. "अरे गाडी तर झकास चालून राहिली, मग हे काऊन कनेक्ट होऊन नाही राहिलं?" पण त्यांच्या डोंगलचा लाईटच लागत नव्हता. मल्टिमीटर आणला. सॉकेटची रुंद बाजू वर धरली तर खालच्या ओळीतली उजवीकडची शेवटची पिन 16 नंबरची, बॅटरीचा प्लस, आणि वरच्या ओळीत डावीकडून चौथी म्हणजे अर्थिंगची, मायनस. या दोघींमध्ये चावी काढलेली असली तरी 12 व्होल्ट पाहिजेत. आला शून्य.

मी विचारलं, काका, मोबाईल चार्ज होते का गाडीत? म्हणाले, नाही रे, महिना झाला ते लायटरचं सॉकेट बंदच आहे. बरेचदा या दोन्हींचा फ्यूज एकच असतो. फ्यूज बॉक्स उघडला, निळा 15 अँपिअरचा फ्यूज काढून उजेडात धरला तर मधली तार तुटलेली. पण नवीन टाकायच्या आधी तो उडाला काऊन ते पाहावं म्हणून लायटरच्या सॉकेटमध्ये टॉर्च मारला, तर तळाला एक रुपयाचं नाणं आडवं बसलेलं, मधल्या टोकाला आणि कडेला दोन्हीकडे टेकून. प्लॅस्टिकच्या चिमट्याने काढलं, फ्यूज टाकला, डोंगलचा लाईट लागला, दोन मिनिटांत बिघाडाचा कोड आला पी0113, म्हणजे आत येणाऱ्या हवेचं टेम्परेचर मोजणाऱ्या सेन्सरचं सर्किट. बॉनेट उघडलं. एअर फिल्टर साफ करणाऱ्याने सेन्सरचा प्लग परत लावलाच नव्हता, वायर तशीच लोंबत होती. टक आवाज येईपर्यंत दाबला, कोड क्लिअर.

काकूंनी पन्हं दिलं. काकांनी तो रुपया मात्र माझ्याकडून परत मागून घेतला.