सांडपाण्याला मीटर, बोअरला काहीच नाही

नागपूरच्या बाहेरच्या कोणाला सांगितलं की आमच्या संडास-बाथरूमचं पाणी वीज बनवायला जातं, तर पहिले हसतात. पण खरंच जातं. भांडेवाडीला, जिथं शहराचा कचरा पण जातो तिथंच, १३० एमएलडीचा प्लांट २०१५ मध्ये सुरू झाला, म्हणजे रोजचे १३ कोटी लिटर, आणि तिथलं शुद्ध केलेलं पाणी पाइपलाइननं थेट कोराडीच्या वीज केंद्राला. मनपा आणि महाजेनको, म्हणजे राज्य सरकारची वीज बनवणारी कंपनी, ह्यांचा करार, काही पैसे केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून आले, आणि सुरुवातीच्या करारात महाजेनकोनं मनपाला वर्षाला १५ कोटींच्या आसपास द्यायचं ठरलं होतं. म्हणजे जे पाणी नाग नदीत सोडून आपण नाकाला रुमाल लावून पुलावरून जायचो त्याचे मनपाला पैसे मिळू लागले. नंतर २०० एमएलडीचा दुसरा प्लांट पीपीपीवर, म्हणजे खासगी कंपनीच्या भागीदारीत, आला, त्यातलंही बरंच पाणी कोराडी-खापरखेड्याच्या केंद्रांसाठीच.

ह्याचं कौतुक मी मनापासून करतो. आपल्या शहराला नावं ठेवायला आपण सगळे एका पायावर तयार असतो, पण हे काम देशात फार कमी शहरांनी एवढ्या मोठ्या प्रमाणात केलंय. केंद्र सरकारनं २०१६ च्या टॅरिफ पॉलिसीत, म्हणजे वीजदराच्या धोरणात, लिहिलं की सांडपाणी प्लांटच्या ५० किलोमीटरच्या आत जे औष्णिक केंद्र असेल त्यानं ते पाणी वापरलंच पाहिजे, तेव्हा आमचं पाणी कोराडीला पोहोचून झालं होतं.

एवढं पाणी तिथं लागतं कशाला, असं माझ्या भाच्यानं विचारलं होतं, म्हणून हिशोब करून बघितला. कोराडीला ६६० मेगावॅटचे तीन नवे संच आहेत, १९८० मेगावॅट. पर्यावरण मंत्रालयाच्या २०१५ च्या नियमानुसार कूलिंग टॉवरवाल्या जुन्या केंद्रांना एक मेगावॅट-तासाला ३.५ घनमीटर पाण्याची मर्यादा आहे. तिन्ही संच दिवसभर फुल लोडवर चालले असं धरलं तर १९८० गुणिले २४ गुणिले ३.५, साधारण १६६ एमएलडी. म्हणजे भांडेवाडीच्या पहिल्या प्लांटचं सगळं पाणी एकटं कोराडी गिळू शकतं आणि त्यातलं बरंचसं त्या मोठ्या टॉवरमधून वाफ होऊन जातं. आधी ह्यासाठी पेंच नदीवरच्या धरणाचं पाणी जायचं, तेच पेंच ज्यावर आपलं शहर जगतं. त्यामुळे भांडेवाडीचं जेवढं कोराडीला जातं तेवढं पेंचमध्ये वाचतं, निदान कागदावर तरी.

कागदावर म्हणतो कारण २०१९ चा उन्हाळा आठवा. वर मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे चौराईचं धरण झाल्यापासून पेंचमध्ये येणारं पाणी कमी झालं, त्यात पाऊस लांबला, पेंचवरचं आपलं तोतलाडोह धरण तळाला गेलं आणि जुलैत, भर पावसाळ्यात, नागपूरला एक दिवसाआड पाणी सुरू झालं. चोवीस तास पाण्याच्या गोष्टी करणारं शहर. तेव्हा सगळ्यांना अचानक आपापल्या विहिरी आठवल्या. महाल, इतवारीकडच्या जुन्या वाड्यांतल्या विहिरी, ज्यात वर्षानुवर्षं निर्माल्य आणि फुटके देवांचे फोटो पडत होते, त्यांचा गाळ काढायची धावपळ सुरू झाली. आणि बोअरवाल्यांच्या गाड्या रात्रंदिवस. आमच्याच लेआउटमध्ये एका गल्लीत मशीन चालू असताना शेजारच्या गल्लीत दुसरी येऊन उभी राहिली होती, आवाजानं झोप नाही आणि सकाळी सगळ्या गाड्यांवर पांढरी-करडी पूड.

आणि मला जे बोलायचंय ते इथूनच सुरू होतं. भांडेवाडीत किती पाणी आलं, किती शुद्ध झालं, त्यात बीओडी, म्हणजे उरलेली सेंद्रिय घाण, किती, किती पाणी कोराडीच्या पाइपात गेलं, हे सगळं मोजलं जातं, कारण घेणारा पैसे देतो आणि पैसे देणारा मीटर बघतो. नळाच्या पाण्याला मीटर आहे, बिल येतं. पण त्या उन्हाळ्यात माझ्या लेआउटखालून किती पाणी उपसलं गेलं? कोणालाच माहीत नाही. पाणी किती खाली गेलं? तेही नाही. बोअरच्या पाण्याचं बिल फक्त विजेचं येतं.

आता मोजणारी खाती नाहीत असं कोणी म्हणू नये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, जीएसडीए, १९७२ सालची, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या काळातली. राज्यभर त्यांच्या हजारो निरीक्षण विहिरी आहेत आणि वर्षातून चार वेळा त्यांची पातळी घेतात, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. केंद्रीय भूजल मंडळाचं मध्य विभागाचं ऑफिस तर आपल्या नागपुरातच आहे, नीरी ही पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था पण इथंच. म्हणजे पाण्याची एवढी जाणकार मंडळी क्वचितच दुसऱ्या कुठल्या शहरात एकत्र असतील. पण जीएसडीएचा सगळा भर गावांवर, पाणलोटावर, शेतीच्या विहिरींवर, आणि ते बरोबरच आहे कारण गावाकडं टँकर लावायचा की नाही हे त्या आकड्यांवर ठरतं. शहराला मात्र धरणाचा नळ आहे ना, मग खाली काय चाललंय ते कशाला बघायचं, असं काहीतरी होऊन बसलंय.

विहीर मोजणं हे काही रॉकेट सोडणं नाही, मी स्वतः शिकलो. ओळखीतले एक काका ह्याच कामातून रिटायर झालेत, ते म्हणाले, "टेप सोडता येते ना जी तुम्हाले? मंग झालं." पण त्यातही खाचाखोचा आहेत. पहिली म्हणजे मोटर बंद पाहिजे आणि नुसती बंद नाही, काही तास आधीपासून बंद, कारण उपसा चालू असताना पाणी खाली ओढलेलं असतं आणि ते परत आपल्या जागी यायला वेळ लागतो. दुसरी, दरवेळी कठड्याच्या एकाच जागेवरून मोजायचं, तिथं ऑइलपेंटनं खूण करायची. तिसरी जी सगळे विसरतात, कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करायची, नाहीतर तुमची विहीर उगाच तीन फूट जास्त खोल दिसते. टेपच्या टोकाला खडू घासायचा, ओला झालेला भाग बरोबर दिसतो. खात्याकडं पाण्याला टेकलं की बीप वाजणारी टेप असते आणि काही ठिकाणी तर आपोआप पातळी नोंदवणारी यंत्रं बसवलीत, पण खडू चालतो.

बोअरचं मात्र अवघड आहे. केसिंगवर, म्हणजे बोअरच्या तोंडाच्या पाइपवर, झाकण, त्यातून सबमर्सिबलचा पाइप, केबल, दोरी, सगळं गच्च, टेप घालायला जागाच नाही. बोअर मारतानाच झाकणाला एक छोटं भोक ठेवून त्यात बारीक पीव्हीसी पाइप सोडला तर आयुष्यभर पातळी बघता येते, खर्च किरकोळ, पण बोअरवाला ठेवत नाही आणि आपण मागत नाही कारण आपल्याला पाणी लागलं की नाही एवढंच बघायचं असतं, नारळ फुटला की विषय संपला. खात्याचे जे पायझोमीटर असतात ते दुसरं काही नसतं, ज्यातून कोणी पाणी काढत नाही असा बोअर. फक्त बघायला. शहरात असा बोअर मारायला जागा द्या म्हटलं तर नगरसेवकापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे विचारतील की एवढा खर्च करून पाणी काढणार नाही म्हणता, वेडे झालात का बाप्पा.

पण नागपूरला ह्याची गरज जास्त आहे असं मला वाटतं, आणि कारण जमिनीखाली आहे. शहराचा पश्चिम भाग काळ्या पाषाणावर, दख्खनच्या बेसाल्टवर, सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेकडं गेलं की खाली जुना ग्रॅनाइटसारखा नाईस खडक. बेसाल्टमध्ये पाणी भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या मुरमात असतं, नाईसमध्ये वरच्या झिजलेल्या थरात, त्यामुळे एका घरचा बोअर धो धो चालतो आणि भिंतीपलीकडचा कोरडा. एका जागेच्या आकड्यावरून अख्ख्या शहराचं सांगताच येत नाही. पश्चिमेला थोडे, पूर्वेला थोडे, नाग नदीच्या काठानं थोडे आणि नव्या लेआउटांत थोडे असे मोजायचे बोअर आणि विहिरी पाहिजेत.

नदीच्या काठानं का, तर गुणवत्ता. ज्या लेआउटमध्ये गटारलाइन पोहोचली नाही तिथं सेप्टिक टँक, त्याच्यापासून पंचवीस फुटांवर बोअर, आणि जिथं लाइन आहे तिथं जुनी होऊन गळणारी. हे सगळं मुरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेट जास्त असलेल्या जिल्ह्यांमध्ये वर्धा, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा ही आपल्या शेजारची नावं होती. तिथं खत हे मोठं कारण आहे, शहरात आपणच. आणि एक सांगून ठेवतो, घरात लहान बाळ असेल तर बोअरचं पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं तसं ते वाढतं. माझ्या चुलतभावाच्या घरी सासूबाई दोनदा उकळायच्या, जास्त सुरक्षित म्हणून. पाणी तपासून घ्या, जिल्ह्याच्या लॅबमध्ये होतं.

म्हणजे बघा, भांडेवाडीला जे सांडपाणी पोहोचतं ते वीज केंद्राच्या कामाचं होतं आणि जे पोहोचत नाही ते आपल्याच बोअरमध्ये येतं. शहराचं सांडपाणी ५०० एमएलडीच्या वर आहे, सगळं काही प्लांटपर्यंत जात नाही. उरलेलं नाग आणि पिवळी नदीतून कन्हानमध्ये, तिथून वैनगंगेत आणि खाली गोसीखुर्दच्या धरणात. भंडाऱ्याकडचे लोक आपल्याला काय म्हणतात ते विचारू नका.

शुद्ध केलेलं पाणी जमिनीत सोडायचं का हा वेगळा वाद आहे. बंगळुरूनं आपल्या केसी व्हॅली भागातलं शुद्ध केलेलं सांडपाणी २०१८ पासून कोलारच्या तलावांत सोडलं, दुष्काळी जिल्हा, विहिरींना पाणी आलं, शेतकरी खूश, आणि त्याच वेळी ते पाणी अजून एक पायरी शुद्ध करायला पाहिजे होतं म्हणून कोर्टापर्यंत भांडण. दोघांचंही मला पटतं. तिकडं अमेरिकेत कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटी आहे (आपण ऑरेंज सिटी, ते ऑरेंज काउंटी, आणि त्यांचाही आकडा १३०, फक्त ते दशलक्ष गॅलन, म्हणजे आपल्या मापात साधारण ४९० एमएलडी!) ते २००८ पासून सांडपाणी मायक्रोफिल्टर, आरओ आणि यूव्हीतून काढून जमिनीखाली सोडतात आणि तेच पुढं विहिरींतून पिण्यासाठी उपसतात. पण त्यांनी आधी शेकडो निरीक्षण विहिरींचं जाळं ठेवलंय, पाणी कुठं सरकतंय, त्यात काय आहे, सतत बघतात. आपल्याकडं जमिनीत काय आहे हेच माहीत नसताना वरून पाणी सोडायच्या गोष्टी केल्या तर मी पहिला विरोध करीन. कोराडीचा मार्ग त्या मानानं शहाणपणाचा होता, टॉवरमधून वाफ होणाऱ्या पाण्यानं कोणाचं पोट बिघडत नाही.

लहान प्रमाणात मात्र फार काही करता येतं आणि होत नाही. एका ओळखीच्या फ्लॅट स्कीममध्ये स्वतःचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा छोटा प्लांट, आहे, बागेला आणि फ्लशला तेच पाणी असं ब्रोशरमध्ये होतं. प्रत्यक्षात टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचं लाइटबिल जास्त येतं म्हणून तो रात्री बंद ठेवतात, हवा मिळाली नाही की टाकीतले जिवाणू मरतात, मग वास, मग तक्रारी, मग पूर्ण बंद, आणि बाग बोअरवर. एसटीपीत जिवंत काहीतरी असतं, ते चोवीस तास चालवावं लागतं, हे मेंटेनन्स कमिटीला कोणी सांगतच नाही.

आणि कूलर! आपल्या शहराच्या भूजलावर बोलायचं आणि कूलर सोडायचा हे शक्य नाही. एप्रिल-मेमध्ये ४५ च्या वर पारा, घरोघरी दोन-दोन कूलर, टाकी सकाळी भरली की दुपारी परत रिकामी, संध्याकाळी अंगणात सडा, आणि बहुतेक घरी हे सगळं बोअरच्या पाण्यावर, कारण नळाला मीटर आहे. कूलर बंद करा असं मी म्हणणार नाही, माझ्या घरीही चालतो. पण कोराडीच्या टॉवरला मोजून पाणी आणि आपल्या कूलरला बिनमोजलेलं, दोन्हीकडून वाफच होऊन राह्यली.

राज्याचा २००९ चा भूजल कायदा आहे, त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींबद्दल तरतुदी आहेत, बांधकामाच्या नियमात ५०० चौरस मीटर आणि वरच्या प्लॉटला पावसाचं पाणी मुरवणं सक्तीचं आहे. नकाशावर खड्डा दाखवतात, पाइप लावून फोटो काढतात. त्या खड्ड्यानं पातळी वाढली का हे बघायला शेजारी मोजणारा बोअर नसेल तर तो फोटोच राहतो.

मला वाटतं मनपाला फार पैसे लागणार नाहीत. तिच्याकडं शेकडो सार्वजनिक विहिरी आधीच आहेत, त्यातल्या काही निवडून जीएसडीए मोजते त्याच ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मेमध्ये मोजायच्या, मे आणि ऑक्टोबरला पाणी तपासायचं, आकडे वॉर्डाच्या बोर्डवर लावायचे. भांडेवाडीच्या पाण्यातून जे पैसे येतात त्यातला थोडासा वाटा पुरेल. सांडपाण्याच्या कमाईतून भूजलाची मोजणी, हिशोबालाही शोभतं.

तोपर्यंत आमच्या लेआउटच्या ग्रुपवर आम्ही काही घरांनी सुरुवात केलीय. सकाळी मोटर लावायच्या आधी टेप सोडायची आणि आकडा, तारीख, कठड्याची उंची ग्रुपवर टाकायची. गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये ते आकडे हरवतात म्हणून एका पोरीनं शीट बनवली. मानेवाडा, बेसा, सक्करदरा भागात कोणाची उघडी विहीर असेल आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात मोजायची तयारी असेल तर कमेंटमध्ये सांगा, खडू लावलेली टेप घेऊन मी येतो, फक्त आदल्या रात्रीपासून मोटर बंद ठेवा.