१९७ चा आकडा वाढतोय: मालवणातल्या एका हार्डडिस्कचे आठ दिवस

रविवार, रात्री

दशावताराच्या एका रेकॉर्डिंगमधून शंकासुराचा प्रवेश कापून घ्यायचा होता. फाइल उघडली. गणपती झाला, रिद्धी-सिद्धी झाल्या, सरस्वतीचा नाच झाला आणि शंकासुर येणार तेवढ्यात चित्र थिजलं. आई दारातून म्हणाली, "पाल शिरली हा काय रे त्या डब्यात? टकटक करता."

ही डिस्क १ टीबीची, साडेतीन इंची. गेल्या बारा वर्षांत जत्रांमध्ये रात्र रात्र बसून केलेलं रेकॉर्डिंग तिच्यावर आहे, सातशे जीबीच्या आसपास. त्यातली निम्मी नाटकं दुसरीकडे कुठेही नाहीत, त्यामुळे यापुढे प्रत्येक पाऊल लिहून ठेवतो आहे.

स्मार्टसीटीएल चालवलं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी क्रमांकवार नोंद ठेवते, ती हा प्रोग्राम दाखवतो. पाचवा आकडा, म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे): ०. १९७, वाचता न आल्यामुळे संशयात ठेवलेले सेक्टर: २४. १९९, केबलमधून येताना बिघडलेला डेटा: १,२०४. डिस्क चाललीय ३१,००० तासांच्या वर.

१९९ एवढा मोठा दिसल्यावर पहिला संशय केबलवर गेला. आपल्याकडे तो साहजिक आहे. घर समुद्रापासून तीनशे पावलांवर आहे आणि जूनमध्ये पश्चिमेचा वारा खिडकीतून थेट कॅबिनेटवर येतो. साटा केबल उपसली तर कनेक्टरच्या दोन पट्ट्यांवर हिरवट थर. डिस्कच्या बाजूच्या पट्ट्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कानकोरण्याच्या कापसाने पुसल्या आणि केबल नवी लावली.

सोमवार

१९९ अजून १,२०४ वरच आहे. हा आकडा कधीच खाली येत नाही, पुढे सरकतो की नाही एवढंच बघायचं असतं. तो थांबला, म्हणजे केबलचा दोष खरा होता आणि तो गेला. पण १९७ सकाळी ५६ आणि संध्याकाळी ३१२. एकाच डिस्कमध्ये दोन वेगळे दोष होते, आणि पहिला मिटल्यामुळे मी रात्रभर निर्धास्त झोपलो. तुमच्यापैकी कुणाला १९९ मोठा दिसला तर केबल बदलाच, पण १९७ आणि १९८ (डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत वाचता न आलेले सेक्टर) कडे पाठ फिरवू नका.

लगेच मशीन बंद केलं. कुडाळला फोन करून २ टीबीची डिस्क सांगितली. एसएमआर नको, सीएमआरच हवी असं दोनदा बजावलं. सीएमआरमध्ये लिखाणाचे ट्रॅक शेजारी-शेजारी असतात, एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे सलग मोठं लिखाण आलं की वेग पार बसतो. सातशे जीबी उतरवताना तो ताप नको.

बुधवार

डिस्क आली. जुनी काढताना चारपैकी एक स्क्रू गंजून पक्का धरलेला. आईच्या शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला, जेवून आलो, मग सुटला. जोर लावला असता तर हादरे डिस्कला बसले असते. वाचणारं हेड प्लॅटरपासून, म्हणजे आतल्या फिरत्या तबकडीपासून, काही नॅनोमीटरवर तरंगतं, आणि आजारी डिस्कला तेवढाही धक्का नको.

दोन मित्रांनी फोनवर फ्रीजरचा उपाय सांगितला. कोकणात तर हे अजिबात करू नका. इथल्या दमट हवेत थंडगार डिस्क बाहेर काढली की मिनिटभरात तिला घाम सुटतो. डिस्कला हवेसाठी फिल्टर लावलेलं छिद्र असतं. धूळ अडते, बाष्प अडत नाही. चेकडिस्क किंवा एफएसचेक ही फाइल दुरुस्तीची साधनंही जुन्या डिस्कवर चालवायची नाहीत. ती दुरुस्तीच्या नावाखाली तिच्यावरच लिहीत बसतात. आधी प्रत काढायची, दुरुस्ती त्या प्रतीवर.

दोन्ही डिस्क थेट साटावर जोडल्या आणि पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सवरून जीएनयू डीडीरेस्क्यू सुरू केलं, म्हणजे बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणारा प्रोग्राम. पहिल्या फेरीत 'एन' पर्याय, म्हणजे अडलेल्या जागी झगडत न बसता जे सोपं आहे ते आधी घे. कामाची नोंद ठेवणारी मॅपफाइल वेगळ्या पेन ड्राइव्हवर. सुरुवातीला वेग १०० एमबीच्या वर होता, मग चाळीस टक्क्यांजवळ टकटक सुरू झाली आणि वेग केबींवर आला. तापमान ५१ अंश. टेबल फॅन उघड्या कॅबिनेटवर लावला, तासाभरात ४२.

रात्री साडेअकराला लाइट गेली. यूपीएस दहा मिनिटं धरतो. तेवढ्यात कंट्रोल-सी दाबून नीट थांबवलं. पहाटे तीनला लाइट आल्यावर तीच आज्ञा पुन्हा दिली आणि जिथे सोडलं होतं तिथूनच काम पुढे गेलं. कुठला भाग आला आणि कुठला राहिला हे सगळं मॅपफाइलमध्ये असतं. पावसाळ्यात इथे हे काम करणाऱ्याने ती फाइल जीवापाड जपावी.

गुरुवार आणि शुक्रवार

पहिल्या फेरीनंतर ३८ एमबी बाकी. दुसरी फेरी थेट वाचनाने, म्हणजे मधली कॅश टाळून, तीन प्रयत्न. तिसरी उलट दिशेने, शेवटाकडून सुरुवातीकडे, आणि तिने बरंच काही दिलं. शुक्रवारी संध्याकाळी उरले ४१२ केबी. तिथे थांबलो.

आता हे ४१२ केबी कुठल्या फाइलींचे? डीडीरेस्क्यूच्या फिल-मोडने प्रतीतल्या फक्त न आलेल्या सेक्टरांत एक खुणेचा शब्द भरला आणि ग्रेप या शोधणाऱ्या आज्ञेने तो शब्द सगळ्या फाइलींत शोधला. सहा फाइली निघाल्या. पाच थंबनेलच्या (फाइलींच्या छोट्या झलकचित्रांच्या) कॅशमधल्या, त्या आपोआप पुन्हा तयार होतात. सहावी तीच, शंकासुराची. चित्र क्षणभर फुटतं आणि पुढे चालतं. मृदंग एका ठेक्यापुरता तुटतो. बाकी रात्र सगळी शाबूत आहे.

शनिवार

प्रत हातात आल्यावरच जुन्या डिस्कच्या तपासणीला बसलो. टॉर्क्स स्क्रूड्रायव्हरने खालचा बोर्ड सोडवला. हेडकडे जाणाऱ्या पिना जिथे टेकतात त्या पट्ट्या काळ्या पडलेल्या. शाळेतल्या खोडरबराने हलक्या हाताने घासल्या, चकाकल्या. बोर्ड परत बसवून अख्ख्या डिस्कवर शून्य लिहिली. संशयातल्या सेक्टरवर नवं काही लिहिलं की डिस्कला निर्णय घ्यावाच लागतो: सेक्टर ठीक असेल तर ठेवायचा, नसेल तर राखीव जागेतला द्यायचा. १९७ शून्यावर आला, पण पाचवा ० वरून १,१०४ झाला. पुन्हा एकदा शून्य लिहिली, तर १,३८०. काळ्या पट्ट्या एकट्याच दोषी असत्या तर आकडा थांबला असता. दोष प्लॅटरचा किंवा हेडचा आहे आणि तो पसरतो आहे. तिच्यावर मार्करने फुली मारली.

रविवार

नव्या डिस्कची लाँग टेस्ट, म्हणजे तिची स्वतःची पूर्ण तपासणी, रात्री पूर्ण झाली. ५, १९७, १९८, १९९ चारही शून्य. कॅबिनेट खिडकीपासून हलवून देवघराच्या भिंतीला लावलं आणि आत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवल्या. बारा वर्षांच्या रेकॉर्डिंगची दुसरी प्रत आता उतरते आहे, ६१ टक्के. ती मावसभावाकडे सावंतवाडीला जाईल. त्याचं घर समुद्रापासून लांब आहे.