ताई, मी कुणाकडे बघून बोलू?

रविवार, रात्रीचे पावणेबारा

उजवा खांदा अजून ठणकतोय. बाम चोळून झाला, गरम पाण्याची पिशवी झाली, आईचं "सांगितलं होतं तुला, या वयात हात वर धरून बसायचं नसतं" हेपण ऐकून झालं. या वयात म्हणजे काय तर एकोणचाळीस. असो.

काल रात्री सोसायटीच्या गणपतीत आमच्या आजोबांचा कार्यक्रम झाला. आजोबा म्हणजे माझा बाहुला, बाबांच्या चॉकलेटी स्वेटरचा बनवलेला, डोळे अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून आणलेले, मिशी पांढऱ्या लोकरीची आणि ती दरवर्षी एकदा तरी गळून पडतेच. अकरा वर्षं झाली, दर गणपतीत वीस मिनिटं आजोबा टेबलामागून डोकं वर काढतात आणि सगळ्यांना बोलतात. लिफ्ट, पार्किंग, पाण्याची टाकी, बी विंगमधला रात्री अकराला मिक्सर लावणारा माणूस. सेक्रेटरी काका पहिल्या रांगेत बसून स्वतःवरचे टोमणे ऐकून हसतात, कारण बाहुल्यावर रागावणार कोण.

यंदा कमिटीला वाटलं की मुलं येत नाहीत, मोबाईलमध्ये असतात, काहीतरी नवीन पाहिजे. मग कुणाच्या तरी ओळखीतून एका मालिकेत हिरोच्या बहिणीचं काम करणारी सतरा वर्षांची मुलगी ठरली, तिच्या रील्स पण खूप चालतात म्हणे. शाल, श्रीफळ आणि "आजोबांसोबत स्पेशल एपिसोड". बोर्डावर तिचा फोटो एवढा मोठा आणि खाली कोपऱ्यात आजोबा पासपोर्ट साइज. मी काही बोलले नाही. आजोबा बोलले असते.

मुलगी पाऊण तास उशिरा आली. थेट शूटिंगवरून, मढवरून रिक्षाने, त्यात शनिवारचं ट्रॅफिक, तिला दोष देण्यात अर्थ नाही. आरती उरकलेली, माणसं खुर्च्यांवर चुळबुळ करतायत, आणि आम्हाला जिन्याखाली मिळाली जेमतेम दहा मिनिटं. तेवढ्यात तिने मला एकच विचारलं, "ताई, मी तुमच्याकडे बघून बोलू की यांच्याकडे?" मी टेबलाखाली घुसायच्या घाईत होते, म्हटलं बघ गं कुठेही, फक्त वाक्यं वेळेवर टाक. हे इथे लिहून ठेवतेय कारण आज दिवसभर तेच डोक्यात आहे.

ती समोर बघून बोलली. समोर म्हणजे साधारण साठ मोबाईल होते. आजोबा शेजारी मान वळवून तिच्याकडे बघतायत, प्रश्न विचारतायत, आणि ती उत्तर देतेय ते पहिल्या रांगेतल्या कॅमेऱ्याला. दोन मिनिटांत आजोबा मेले. म्हणजे हलत होते, तोंड उघडत होतं, पण सोफ्यावरची उशी हलावी तसं. मला टेबलाखालून दिसत काही नाही, फक्त ऐकू येतं, पण हशा कुठे पडतो आणि कुठे पडत नाही हे हाताला कळतं. मग तिचं गाणं लागलं, जे आधी ठरलेलंच नव्हतं, चार मिनिटं ती नाचली आणि आजोबांना खाली घेता येईना कारण मुलं पुढे येऊन उभी राहिलेली, खाली घेतले तर माझं डोकं दिसणार, म्हणून मी तो हात तसाच वर धरून आजोबांना टाळ्या वाजवायला लावत बसले. खांदा तिथे गेला.

रात्री ग्रुपवर धुमाकूळ. ज्येष्ठ मंडळींचं म्हणणं, त्या पोरीने आजोबांना बोलूच दिलं नाही, ही काय पद्धत झाली. पोरांचं म्हणणं, आजोबांनी तिला नाचूच दिलं नाही, मधे मधे काय बोलत होते. म्हणजे दोघांची तक्रार एकच, फक्त नाव उलटं! एका काकूंनी लिहिलं की आपली संस्कृती कुठे चालली आहे. अहो काकू, माझ्या बाबांचा स्वेटर आहे तो.

आज दुपारी मी तोंड पाडून बसलेय म्हणून भाची (वय तेरा, गणपतीला आमच्याकडे आलीय) लॅपटॉप घेऊन आली, म्हणाली मावशी, तुझं ते बेडकाचं दाखव ना. बेडूक म्हणजे कर्मिट. मपेट्सचं, म्हणजे जिम हेन्सनच्या त्या अमेरिकन टीव्हीवरच्या बाहुल्यांचं, वेड मला कॉलेजपासून आहे हे घरात सगळ्यांना माहितीये. मग आम्ही ते डिस्ने चॅनलवाले भाग शोधले, २००८ चे, ज्यात त्यांच्या वेळच्या टीनएजर स्टार्सना मपेट्सबरोबर आणलं होतं. स्टुडिओ डीसी नाव होतं, दोनच भाग झाले. पहिल्याचे होस्ट ते स्प्राउस जुळे, दुसऱ्याची सेलेना गोमेझ. भाचीच्या प्रतिक्रिया मी जशाच्या तशा लिहिते. "अगं हा तर जगहेड!" (जुळ्यांतला कोल स्प्राउस, रिव्हरडेल मालिकेत जगहेड झालेला.) "सेलेना किती बारकी आहे इथे!" (सोळा वर्षांची होती.) आणि जोनास बंधू आल्यावर आई किचनमधून डोकावून "हा प्रियंकाचा नवरा ना गं? केवढासा होता!" पंधरा वर्षांचा होता तेव्हा निक. कर्मिटबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. १९५५ पासून काम करतोय बिचारा, जिम हेन्सनने आईच्या जुन्या कोटाचा आणि पिंगपाँगच्या अर्ध्या चेंडूंचा बनवलेला, आणि आमच्या घरी त्याच्यासमोर सगळ्यांना दिसला कोण, तर जावई.

मला आठवतं, ते भाग आले तेव्हा जुने मपेटप्रेमी अस्सेच भडकले होते. एक गट म्हणत होता की मिळतंय ते घ्या, २००४ ला डिस्नेने मपेट्स विकत घेतले तेव्हापासून त्यांना नीट काम कुठे दिलंय, निदान नवीन पोरांना कळेल तरी. दुसऱ्या गटाला हे सहनच होत नव्हतं. मी तेव्हा दुसऱ्या गटात होते, एकवीस-बावीस वर्षांची असून म्हातारीसारखी कुरकुरत होते. आणि माझं कारण मला तेव्हा फार भारी वाटायचं. ते असं, की मूळच्या मपेट शोमध्ये, १९७६ ते ८१, दर आठवड्याला एक पाहुणा यायचा, पण तो यायचा त्यांच्या घरी. थिएटर कर्मिटचं, गोंधळ त्यांचा, वर बाल्कनीत ते दोन खवट म्हातारे बसलेले, आणि एल्टन जॉन असो की ज्युली अँड्र्यूज, आल्यावर त्यांच्या तालावर नाचायचं. एल्टन जॉनने तर मगरींसोबत गाणं म्हटलंय! आणि इथे उलटं झालेलं, घर पोरांचं आणि मपेट्स पाहुणे. पाहुण्याने जरा बेताने वागायचं असतं, म्हणून मपेट्सही बेताने वागतायत असं मला वाटायचं.

गंमत अजून एक. २०११ ला मपेट्सचा सिनेमा आला त्यात हीच सेलेना दोन मिनिटांसाठी येते, तिचं पात्र म्हणतं की एजंटने पाठवलंय म्हणून आले, तुम्ही कोण ते मला माहीत नाही. आणि तिच्याबरोबरचा मुलगा कर्मिटला विचारतो की तू निन्जा टर्टल्समधला का. तीन वर्षांपूर्वी त्यांचाच कार्यक्रम होस्ट केलेली बाई! मी थिएटरात एकटी हसले होते. म्हणजे आपले चाहते काय कुरकुर करतात हे त्यांनाही पक्कं ठाऊक होतं.

पण आज बघताना मी भलतंच बघत होते. पोरांचे डोळे.

कारण मला माहितीये कॅमेऱ्याच्या खाली काय चाललंय. मपेटवाला माणूस फ्रेमच्या खाली असतो, हात डोक्याच्या वर, एका हाताने तोंड चालवतो आणि दुसऱ्या हातात बाहुल्याच्या हातांच्या काड्या, आणि त्याची स्वतःची नजर असते खाली ठेवलेल्या मॉनिटरवर. म्हणजे समोरच्या नटाच्या गुडघ्यापाशी एक घामाघूम माणूस टीव्ही बघत बसलाय, त्याचा आवाज खालून येतोय, आणि नटाने वर त्या फेल्टच्या डोळ्यांत बघत बसायचं. सोपं नाही ते, आवाज येतो तिकडे मान वळतेच. आणि ही पंधरा-सोळा वर्षांची पोरं, ज्यांना मी तेव्हा इतकी नावं ठेवली, आज बघितलं तर बऱ्याच वेळा बाहुल्याकडेच बघतायत. जिथे बघतायत तिथे कर्मिट जिवंत आहे, घर कुणाचं का असेना. जिथे कॅमेऱ्याकडे बघून फोटोचं हसू दिलंय तिथे तो हिरवं कापड होतो. मी तीन-चार ठिकाणी मागे नेऊन परत बघितलं. भाची वैतागली.

मग अर्धवटराव आठवले. मी सात-आठ वर्षांची असेन, बाबा पार्ल्याला दीनानाथमध्ये घेऊन गेले होते, रामदास पाध्यांच्या बोलक्या बाहुल्या. जाताना ट्रेनमध्ये माझं ठरलेलं, मी फक्त त्यांच्या ओठांकडे बघणार आणि चोरी पकडणार. पाच मिनिटं नेटाने बघितलं. नंतर कधी अर्धवटरावांकडे बघायला लागले ते कळलंच नाही, कारण अर्धवटराव बोलत असताना पाध्ये स्वतः त्यांच्याकडे बघत होते. काय हा आगाऊ म्हातारा, आज आणखी काय बोलणार, अशा चेहऱ्याने. ते बघतात तिकडे पूर्ण हॉल बघतो. यशवंत पाध्यांपासूनचा तो बाहुला, वडिलांकडून मुलाकडे आलेला, किती जणांच्या शेजारी बसला असेल, पण त्याला कुणाच्या शेजारी कमीपणा आलेला मी तरी बघितला नाही.

तात्या विंचूचंही तेच की. तो बाहुलाही पाध्यांनीच केलेला. झपाटलेला आम्ही टीव्हीवर बघायचो तेव्हा मी उशीत तोंड खुपसायचे, आणि आता नीट बघितलं तर भीती तात्याची वाटत नाही, भीती लक्ष्याची वाटते. म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे ज्या डोळ्यांनी त्या बाहुल्याकडे बघतो ना, त्याची. २०१३ ला दुसरा भाग आला, थ्रीडी, आम्ही सगळे गेलो, आदिनाथ कोठारे होता, चष्मे लावून बसलो, तात्या अंगावर येत होता आणि बाबा बाहेर पडल्यावर एवढंच म्हणाले, "लक्ष्या पाहिजे होता." मी तेव्हा म्हटलं बाबा, तुम्हाला नवीन काही आवडतच नाही. बाबांना शब्दांत सांगता आलं नसेल, मला तरी आज कुठे धड सांगता येतंय.

थोडक्यात काय, त्या मुलीने जिन्याखाली जो प्रश्न विचारला तो एकमेव कामाचा प्रश्न होता, अकरा वर्षांत मला कुणी विचारला नव्हता, आणि मी काय उत्तर दिलं तर बघ गं कुठेही. आणि रात्री ग्रुपवर सगळे तिला बोलत होते तेव्हा मी गप्प बसून ते वाचत होते, खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटत होतं.

संध्याकाळी भाचीला म्हटलं, हात घाल आजोबांत. अंगठा खाली, चार बोटं वर, मनगट मोडायचं म्हणजे नजर समोरच्याच्या डोळ्यांवर येते, नाहीतर आजोबा छताकडे बघत बोलतात. तिने दीड मिनिट धरलं. मग "मावशी, हात पडला माझा!" आणि त्या दीड मिनिटात मी आजोबांकडे बघून बोलले, शाळेत जाता का, डबा काय नेता वगैरे. माझेच आजोबा, पण मी त्यांना समोरून कधी बघितलंच नव्हतं. सतत टेबलाखाली. जरा तिरळे आहेत ते, डावा डोळा वर लागलाय. अकरा वर्षांत एका माणसाने सांगू नये?

सेक्रेटरी काकांचा फोन येऊन गेला, विसर्जनाच्या आदल्या दिवशी अर्धा तास रिकामा आहे, काही करणार का. म्हटलं बघते. आणि टेबल सहा इंच उंच मिळालं पाहिजे, विटा लावा, काहीही करा.

जेवण झाल्यावर त्या मुलीला मेसेज टाकला. "आजोबांकडे बघून बोलायचं होतं. मी चुकीचं सांगितलं, सॉरी. परत करायचं का?" निळ्या टिका आल्यात साडेदहालाच. उत्तर नाही अजून. नाइट शिफ्ट असेल.

डोळा उद्या उसवून नीट लावायला हवा. सुई कुठे ठेवलीय देव जाणे.