शनिवारी थांबणारा घाणा

रायगडच्या किनाऱ्यावर तेल गाळणाऱ्या बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या लोकांना गावकरी ‘शनवार तेली’ म्हणत, कारण शब्बाथ हा ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस पाळण्यासाठी ते शनिवारी घाणा बंद ठेवीत. मी स्वतः अलिबागजवळ खोबऱ्याचा लाकडी घाणा चालवतो आणि या पूर्वसुरींविषयी मला मनापासून आदर वाटतो.

‘पिर्के अवोत’ या ज्यू नीतिवचनांच्या ग्रंथात शमाया हे आचार्य कामावर प्रेम करायला सांगतात, तर रब्बी (ज्यू धर्मगुरू) तार्फोन म्हणतात की, काम पुरे करणे तुझ्यावर बंधनकारक नाही, पण ते सोडून देण्याचीही तुला मोकळीक नाही. मागणी साचते तेव्हा मला या दुसऱ्या वचनाचा फार आधार वाटतो. घाण्यात खोबरे घातले की आधी नुसता भुगा दिसतो, मग लाट, म्हणजे घाण्यातला लाकडी दांडा, फिरता फिरता पेंड कडेला दाबली जाते आणि तेल सुटू लागते. ही घटका मला रोज नव्याने आवडते. हिब्रू बायबलमधील स्तोत्र १२८ मध्ये स्वतःच्या हातच्या श्रमाचे फळ खाणाऱ्याला धन्य म्हटले आहे.

शब्बाथाच्या आज्ञेत नोकरचाकर आणि गुरेढोरे यांनाही विश्रांती आहे, म्हणजे घाण्याच्या बैलालाही. ही तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते. आमचा घाणा आता मोटारीवर फिरतो, तरी तिथे काम करणाऱ्या मुलांना आठवड्याची भरपगारी सुट्टी मी याच विचाराने देतो.