काळूच्या तोंडाच्या उंचीवरची भाकरी

लेक 14 महिन्यांची झाली, चालायला लागली, आणि तिचा हात बरोबर आमच्या काळू कुत्र्याच्या तोंडाशी यायला लागला. नाचणीच्या भाकरीचा तुकडा मुठीत धरून ती ओटीवरून पडवीत जायची. काळू तो अलगद काढून घ्यायचा, सांडलेलं दुसऱ्या कुत्र्याचं, भुऱ्याचं. देवगडजवळच्या आमच्या घराची दारं दिवसभर उघडीच असतात. सुरुवातीला आम्ही सगळे हसलो.

मग एके दिवशी बोटाला दात लागला. रक्त नव्हतं, नुसता ओरखडा. तरी तिचा हात 15 मिनिटं साबण लावून नळाखाली धरला आणि दवाखाना गाठला. काळूला दरवर्षी रेबीजची लस देतो, तरी डॉक्टरांनी तिला डोस घ्यायला लावलेच: त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि 28 व्या दिवशी. एवढ्याशा पोरीला चार वेळा टोचायला न्यावं लागलं. ते रडणं मी विसरलेले नाही.

घरी आल्यावर नवऱ्याने काठी उचलली. सासूबाई आड आल्या. "अरे मारतंस कित्याक? ह्यां तेका शिकयल्यान कोणी? आपणच मां!"

खरंच होतं. जेवणं झाली की उरलेला माशाचा भात आम्हीच पानातून पडवीत टाकायचो. आणि पोर जवळ असताना मार बसला, तर पोर जवळ आलं की दुखतं एवढंच त्याच्या डोक्यात राहणार. गुरगुरला म्हणून मारलं, तर पुढच्या वेळी न गुरगुरताच चावेल.

आधी चोरीची संधीच बंद केली. माजघराच्या दाराला कमरेएवढी फळी बसवली. लेकीचं खाणं आत, बसून. कुत्र्यांना तिच्याआधी, त्यांच्याच भांड्यात. पानातलं देणं बंद. हे घरातल्या सगळ्यांनी पाळणं सर्वांत कठीण गेलं, कारण दहा दिवसांत एकदा जरी तुकडा मिळाला तरी कुत्रा पुढचे दहा दिवस आशेवर राहतो.

मग शिकवणी. मोरी, म्हणजे छोटा शार्क मासा, बिनमिठाची उकडून तिचे तुकडे केले, कारण मोरीत बारीक काटे नसतात. एक तुकडा मुठीत बंद करून काळूपुढे धरला. त्याने चाटलं, पंजा मारला, नाक खुपसलं. मी गप्प. कंटाळून त्याने तोंड मागे घेतलं, त्याच क्षणी "शाब्बास" म्हणत दुसऱ्या हातातला तुकडा दिला. मुठीतला कधीच दिला नाही. चार दिवसांनी उघड्या तळहातावर, मग जमिनीवर, वर माझा हात तयार. त्याच सुमारास कोपऱ्यातलं गोणपाट त्याची जागा ठरवलं. भाकरी दिसली की गोणपाटावर जायचं, मोरी तिथेच मिळायची.

नंतर मी स्वतः पडवीत उकिडवी बसून हातात भाकरी लोंबती ठेवली, लेकीच्या उंचीवर. ते जमल्यावरच लेक मांडीवर आली. काळू दोरीने खांबाला, आणि बक्षीस द्यायचा नवरा, लेक नाही. तिच्या हातून काही मिळतं हेच तर त्याला विसरायला लावायचं होतं. पण लेकीला भाकरी फेकायला भारी आवडायचं! तिलाही शिकवावं लागलं: संपलं की वाटीत.

भुऱ्याला वेगळा वेळ दिला. दोघं एकत्र असली की चढाओढ करतात.

दोन महिन्यांत बरं जमलं होतं. मग गणपती आले, पाहुण्यांच्या मुलांनी मोदक भरवले, आणि काळू पुन्हा लेकीच्या मागे मागे. परत मुठीपासून सुरुवात केली, पण या वेळी आठवडाभरात तो गोणपाटावर जायला लागला. पाहुण्यांना आता दारातच सांगते. द्राक्षं, मनुका, चॉकलेट तर कुत्र्याच्या जिवावर बेततं, हेही.

काल लेकीच्या हातून अर्धी आंबोळी पडली. काळू उठला, दोन पावलं आला, थबकला आणि गोणपाटावर जाऊन बसला. मी आंबोळी उचलली, मोरी दिली. माजघराची फळी मात्र काढलेली नाही, आणि लेकीला कुत्र्यांजवळ एकटी अजून सोडत नाही.